घराला किती ऑफर द्यायची? पहिला आकडा सांगण्याआधी

घर मनात भरलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मागितल्यापेक्षा किती कमी सांगायचं? इथेच हिशेब चुकतो. मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. त्यातून दहा टक्के कापले तरी तुम्ही त्याच्याच आकड्याभोवती फिरत राहता. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घरविक्रीच्या एजंटांना एकच घर दाखवलं, पण मागितलेली किंमत गटागटाला वेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला, त्यांनी घराची किंमतही जास्त धरली. रोज घरं विकणारे असे ओढले जातात, तर आयुष्यात एक-दोनदा घर घेणारा ओढला जाणारच.

म्हणून बोलणी सुरू करण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा, याच क्रमाने: घराची रास्त किंमत, तुमची कमाल मर्यादा, पहिली ऑफर. खालच्या उदाहरणांत मागितलेली किंमत १०० धरली आहे.

रास्त किंमत

आधार घ्यायचा तो झालेल्या विक्रीचा. जाहिरातीतल्या भावांचा उपयोग नाही, कारण त्या भावाला घर गेलं की नाही हे कळत नाही. त्याच परिसरात, शक्यतो गेल्या सहा महिन्यांत विकली गेलेली तीन ते पाच सारखी घरं शोधा. मग फरकाचा हिशेब करा. बदल नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायचा: त्या घरात जास्त असलेली सोय वजा, कमी असलेली मिळवायची. घाईत हे उलटं होतं आणि चूक दुप्पट होते.

समजा, पहिलं घर ९७ ला गेलं. तिथलं स्वयंपाकघर नवं होतं, त्याचे ३ वजा केले की ९४. दुसरं ८९ ला गेलं, पण त्याला गाडी लावायला जागा नव्हती. तुमच्या घराला ती आहे, तिचे ४ मिळवले की ९३. तिसरं ९८.५ ला गेलं, ते ५ टक्के मोठं होतं, म्हणजे साधारण ९४. तिन्ही आकडे जवळ आले, याचा अर्थ पाया पक्का आहे. ते ८५, ९४ आणि १०३ असे विखुरले, तर निवडलेली घरं सारखी नाहीत. सरासरी काढून मोकळं होऊ नका, दुसरी घरं शोधा.

क्षेत्रफळ कागदावरून घेऊ नका. भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, खोली खोली करून टेपने मोजा. वापरायची जागा ५ टक्के कमी भरली तर किमतीतही जवळपास तेवढाच फरक पडतो. आणि लहान घराचा दर मोठ्या घराला लावू नका. घर मोठं होत जातं तसा चौरस फुटाचा दर सहसा उतरतो.

दुरुस्तीचे पैसे

नव्या रंगाला भुलू नका. बाकीची भिंत जुनी आणि छताखालचा एकच हातभर पट्टा ताजा रंगवलेला असेल, तर तिथे काय झाकलंय ते विचारा. तपकिरी कडा असलेला डाग म्हणजे पाणी झिरपून वाळलेलं असतं. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा आणि सुटलेले पोपडे दिसले, तर ओल जमिनीकडून चढत असल्याची शक्यता असते. असा गिलावा नुसता रंगवला तर पुन्हा पोपडे धरतो. केसासारखी बारीक चीर बहुधा गिलाव्याची असते. पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली किंवा ५ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग दिसली, तर बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय आकडा बोलू नका. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहा. शक्य असेल तर मोठ्या पावसानंतर पुन्हा एक चक्कर मारा.

प्रत्येक कामाचा अंदाज दोन कंत्राटदारांकडून लेखी घ्या आणि त्यावर १५ ते २० टक्के जास्त धरा, कारण फरशी उकरल्यावर आणखी काहीतरी निघतंच. मात्र तुलनेतल्या घरांच्या फरशाही तितक्याच जुन्या असतील, तर त्या फरशांचे पैसे आधीच किमतीतून गेलेले आहेत. तेच पुन्हा वजा केले की ऑफर हास्यास्पद होते आणि विकणारा पुढचं खरं कारणही ऐकून घेत नाही. आपल्या उदाहरणात ओल आणि जुन्या वायरिंगचे ३ निघाले. म्हणजे रास्त किंमत ९१.

कमाल मर्यादा

ही खिशावरून ठरते, घरावरून नाही. २० वर्षांच्या कर्जावर दर एक लाखामागे महिन्याचा हप्ता ८ टक्के व्याजाने ८३६ येतो, तर ९ टक्क्यांनी ९००. व्याज एका टक्क्याने चढलं की हप्ता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो. व्याजदर बदलता असेल तर आजच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त धरून हप्ता काढा. तो झेपणार नसेल तर ते घर आज तुमचं नाही. नोंदणी, कर, वकील, दुरुस्ती आणि सामान हलवणं हा खर्च आधी बाजूला काढा. उरेल त्यातून मर्यादा ठरवा.

इथेच एक मोठा खड्डा आहे. कर्ज देणारी संस्था बहुतेक वेळा ठरलेली किंमत आणि तिचं स्वतःचं मूल्यांकन यातल्या कमी आकड्यावर कर्ज देते. सौदा ९५ ला झाला, कर्ज ८० टक्के, म्हणून तुम्ही १९ हाताशी ठेवले. मूल्यांकन निघालं ८८. मग कर्ज मिळतं ७०.४ आणि खिशातून लागतात २४.६. हे मधले ५.६ ऐनवेळी उभे राहिले नाहीत, की दिलेला इसारही अडकतो.

घर फारच आवडलं असेल तर रास्त किमतीच्या थोडं वर जायला हरकत नाही. तिथे बरीच वर्षं राहायचं असेल तर ते पैसे वाया जात नाहीत. पण ते ‘थोडं’ किती, हे आधीच लिहून ठेवा. उदाहरणात मर्यादा ९३ धरू.

पहिली ऑफर

ठरावीक टक्केवारी कोणी सांगितली तर तिच्यावर विसंबू नका. बाजारात महिनोनमहिने पडून असलेलं रिकामं घर आणि कालच जाहिरातीत आलेलं, पाच जण पाहून गेलेलं घर यांना एकच माप चालत नाही. विकणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा: ताबा कधी द्यायचा आहे, आणि याआधीची बोलणी कुठे अडली. ज्याला लवकर पैसे हवेत, त्याच्यासाठी मंजूर कर्ज असलेला खरेदीदार मोलाचा असतो. ज्याला चार महिने मुदत हवी, त्याला ती देऊन किंमत कमी करून घेता येते.

उदाहरणात सुरुवात ८६ च्या आसपास होईल. आकडा सांगताना तुलनेचा आणि दुरुस्तीचा कागद सोबत ठेवा. पुढची वाढ दर वेळी लहान करत न्या: ८६, ८९, ९०.५, ९१. आकसत जाणारी पावलं पाहून समोरच्याला कळतं की शेवट जवळ आलाय. प्रत्येक वेळी तीन-तीन वाढवलेत तर तो आणखी तिनाची वाट पाहील. त्याच्याकडून उत्तर आल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढवू नका. मर्यादा एजंटला सांगू नका, तो कितीही आपला वाटला तरी. ‘चला, मधला आकडा धरू’ असं कोणी म्हटलं तर आधी तुमचा कागद पाहा. १०० आणि ९० चा मध्य ९५ येतो, तो तुमच्या मर्यादेबाहेर आहे.

घर रास्त किमतीपेक्षा स्वस्तात काढलेलं असेल आणि गिऱ्हाइकं रांगेत असतील, तर घासाघीस करून ते हातचं जाईल. तिथे पहिलीच ऑफर रास्त किमतीजवळ ठेवा. पण चढाओढीत स्पर्धक वाढतील तसे जास्त सावध व्हा. घर त्यालाच मिळतं, ज्याचा अंदाज सगळ्यांत वर गेलेला असतो. बऱ्याचदा तोच अंदाज सगळ्यांत चुकलेलाही असतो.

आकडा तोंडी ठरला तरी ऑफर लेखी द्या. रक्कम, इसार, ताब्याची तारीख, सोबत राहणाऱ्या वस्तूंची यादी आणि ऑफर कधीपर्यंत लागू आहे हे त्यात हवं. मालकी हक्क स्वच्छ न निघाल्यास, कर्ज नामंजूर झाल्यास किंवा तपासणीत मोठा दोष सापडल्यास इसार परत, ही अट शब्दांत लिहून घ्या. तपासणीनंतर किंमत कमी मागायची ती फक्त नव्याने उघड झालेल्या दोषापोटी, आणि अभियंत्याच्या अहवालासह. जी भेग तुम्ही पहिल्या भेटीतच पाहिली होती, तिचे पैसे तेव्हाच ऑफरमधून गेलेले असायला हवेत.