गरम हवा आली तरी नळी सोडायची नाही

भूमिगत कोळसा खाणीत उतरणाऱ्याच्या कमरेला एक डबा असतो, सेल्फ-रेस्क्यूअर. स्फोट किंवा आग झाली की तो उघडायचा, नळी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा. एका प्रकारच्या डब्यात पोटॅशियम सुपरऑक्साइड भरलेलं असतं. उच्छ्वासातल्या बाष्पाने त्यातून ऑक्सिजन सुटतो, आणि तयार होणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. रसायनशास्त्र म्हणून हे झकासच. गोम अशी, की या क्रियेत उष्णता निर्माण होते. हवा गरम लागते, श्वास ओढायला जोर लावावा लागतो आणि आधीच भेदरलेल्या माणसाला वाटतं, यंत्र बिघडलं. नळी काढली की आत जातो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

2 जानेवारी 2006 रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो खाणीत मिथेनचा स्फोट झाला. 12 जण दगावले, बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने. आत अडकलेल्यांपैकी वाचलेल्या एकमेव कामगाराने सांगितलं, की किमान चार डबे चालले नाहीत. सरकारी तपासात मात्र ते ऑक्सिजन देण्याजोगे असल्याचं दिसलं. वाद राहिला, पण डबा वापरताना नेमकं काय जाणवतं याचा सराव अपुरा होता, हे उघड झालं.

तोवर तिथे प्रशिक्षण नव्हतं असं नाही. 1977 च्या खाण कायद्यानुसार भूमिगत खाणीतल्या नवख्याला 40 तास, उघड्या खाणीतल्याला 24 तास आणि पुढे दरवर्षी 8 तासांची उजळणी सक्तीची होतीच. सागोनंतर भूमिगत कोळसा खाणींत दर तीन महिन्यांनी डबा लावण्याचा सराव आला. शिवाय वर्षातून एकदा सरावाच्या यंत्रातून मुद्दाम तसाच उष्ण, अडखळता श्वास घ्यायला लावतात. भारतात चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यालाही लागू झालेले व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम 1966 चे.

अमेरिकी कायद्यातलं एक कलम मला विशेष आवडतं. अप्रशिक्षित कामगार आढळला, तर निरीक्षक त्याला स्वतःला आणि इतरांना धोका ठरवून तडक खाणीबाहेर काढतो. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत तो घरी बसला, तरी त्याचा पगार मालकाला द्यावाच लागतो.