पावसाचं पाणी डोंगर उचलतं

जुलै उजाडला की बातमी ठरलेलीच: आंबा घाटात दरड कोसळली, रत्नागिरी–कोल्हापूर वाहतूक ठप्प. मिऱ्या बंदरापासून निघून हातखंबा, पाली, साखरपा करत घाट चढणारा हा रस्ता बंद पडला, की किनाऱ्याची मासळी वर जात नाही आणि घाटमाथ्यावरचा भाजीपाला खाली उतरत नाही. मग कारण सांगितलं जातं की पावसाने माती निसरडी झाली, म्हणून घसरली.

हे कारण चुकीचं आहे. पाणी हे काही वंगण नव्हे. मातीचे कण ओले असोत की कोरडे, एकमेकांवर घासताना त्यांची पकड फारशी बदलत नाही. खरं काय घडतं ते कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२०च्या दशकात मांडलं, आणि सगळ्या भूशास्त्रात मला याहून सुंदर कल्पना सापडलेली नाही.

एक चौरस मीटर जागा घ्या. तिच्यावर ३ मीटर जाडीचा मातीचा थर आहे. चिंब भिजल्यावर त्याचं वजन साधारण ६ टन भरतं. आता कणांमधल्या सगळ्या पोकळ्या वरपर्यंत पाण्याने भरल्या, तर थराच्या तळाशी पाण्याचा दाब होतो ३ टनांचा, आणि हा दाब कणांना वर ढकलतो. कणाने कणावर टेकायचा भार उरला फक्त ३ टन. घर्षण या टेकण्यावर अवलंबून, म्हणून तेही निम्म्यावर आलं. उताराकडे ओढणारं वजन मात्र पूर्ण ६ टनांचंच राहिलं! चिकटपणा हिशोबात धरला नाही, तर ३२ अंशांच्या उतारावर निवांत बसलेली माती या अवस्थेत १७ अंशांवरही कशीबशी तग धरते (उतार किती तीव्र ते सांगणारा टॅन्जंट ३२ अंशांना ०.६२, त्याच्या निम्मे ०.३१, आणि तेवढा टॅन्जंट सुमारे १७ अंशांचा). थोडं पाणी उलट माती बांधून ठेवतं. गणपतीपुळ्याच्या वाळूत मुलं किल्ला करतात तो ओलसर वाळूचाच. लाट येऊन पोकळ्या भरल्या की तो ढासळतो.

सह्याद्रीचा गाभा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या कातळाचा. त्यावर झिजून तयार झालेली माती आणि दगडगोट्यांचा थर बसलेला असतो. पाणी या थरातून झरझर मुरतं, कातळावर अडतं आणि तिथेच साठत जातं. रस्ता रुंद करताना या थराचा पायथा कापला, की वरच्या भागाचा आधारच जातो.

अशा वेळी कुणी देवीचा कोप म्हणतं, कुणी ढगफुटी. हवामान खात्याच्या लेखी एखाद्या लहान टापूत तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी. कोकणातल्या बहुतेक दरडींना तिची गरज पडत नाही. चार-पाच दिवसांची झड पुरते. कोप म्हटलं की मात्र गटार कुणी साफ केलं नाही हे विचारायचंच राहतं, याचा मला मनापासून राग येतो.

घाटातल्या संरक्षक भिंतीकडे जवळून पाहा. तिच्यात ठरावीक अंतरावर पाइपांची तोंडं असतात. धो धो पावसात त्यातून पाण्याच्या धारा उडत असतील, तर भिंत आपलं काम करते आहे. तोंडं कोरडी आणि दगडांच्या सांध्यांतून मात्र पाणी पाझरतंय, असं दिसलं तर पाइप तुंबलेत आणि मागे दाब चढतोय. लोखंडी जाळी सुटे दगड अडवते. हा दाब तिला उतरवता येत नाही.

पाणी खोल मुरायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस ओसरल्यावरही दरड येते. दरड किती जीवघेणी ठरते ते २०२१च्या जुलैत दिसलं: महाड तालुक्यातल्या तळिये गावात ८०हून अधिक माणसं दरडीखाली गेली. उतारावर नवी भेग पडली, झाडं कलली, नेहमीचा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, तर ऊन पडलेलं असलं तरी त्या उताराखालून माणसं आणि गुरं लगेच हलवावीत.