बंडीचं चाक आणि जेवणाचं टेबल

उन्हाळ्यात बैलबंडीचं चाक ढिलं पडतं. धाव, म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा, खडखडू लागते, आरे हलतात. मग शेतकरी चाकं काढून नाल्याच्या डोहात टाकून ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते. गावात वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. जेवणाचं टेबल घेतानाही हेच चाक डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला अनुभवाने वाटतं.

तीन वर्षांपूर्वी भर भाद्रपदात आम्ही सागवानाचं कोरं टेबल घेतलं. कोरं म्हणजे पॉलिश नाही, वॉर्निश नाही, फक्त रंधा मारून पॉलिश पेपरने घासलेलं. पुढच्या मे महिन्यात दुपारची पंगत बसलेली असताना काडकन आवाज झाला आणि टेबलाला मधोमध हातभर चीर गेली. लाकूड वाईट नव्हतं. वरचा पाट खालच्या चौकटीला आठ स्क्रूंनी करकचून आवळला होता. आकसायला त्याला जागाच ठेवली नव्हती.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांनी बनतात आणि त्या साखळ्या बहुतेक झाडाच्या उंचीच्या दिशेने धावतात. हवेतली वाफ साखळ्यांच्या मधल्या फटींत शिरते आणि त्यांना बाजूला सारते. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत असतो तोवर पाणी भिंतींत मुरलेलं असतं. त्यापुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत साठतं आणि त्याने आकार बदलत नाही. म्हणजे ताजं कापलेलं लाकूड सुकायला लागलं तरी आधी काहीच घडत नाही. पोकळीतलं पाणी संपलं की आकसणं सुरू होतं.

आता आपल्याकडची, विदर्भातली हवा बघा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली येते. श्रावणात तीच 80-85 टक्के असते. समुद्रकाठच्या गावात लाकडाला एवढे हेलकावे सोसावे लागत नाहीत. घरातल्या फळीतला ओलावा वर्षभरात सहा टक्क्यांनी वर-खाली झाला असं धरा. सागवानात दर टक्क्याला रुंदी साधारण 0.19 टक्क्याने बदलते. तीन फुटी टेबलाला हा फरक जवळजवळ एक सेंटिमीटर होतो. हा हिशेब खोडाच्या वलयांना समांतर कापलेल्या फळीचा. वलयांना छेद देऊन कापलेली फळी याच्या जेमतेम निम्मी हलते.

सागवान तरी बरंच शांत लाकूड आहे. गडचिरोलीतल्या आल्लापल्लीच्या जंगलातला साग नावाजलेला आहे तो काही उगाच नाही. 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा आमच्या भागात लोकांनी अभिमानाने मिरवणुका काढल्या. पण नाव मोठं झालं की त्या नावाने काहीही विकलं जातं. इथे कोरं टेबल फायद्याचं ठरतं. पॉलिशखाली दडणारं सगळं त्यावर उघडं दिसतं.

म्हणून दुकानात गेल्यावर आधी खाली वाका. पाटाची खालची बाजू नखाने किंवा पटाशीच्या टोकाने जराशी खरवडा. वर तपकिरी आणि आत पांढरट निघालं तर रंग लावलेला आहे. खरं सागवान आतूनही सोनेरी-तपकिरी असतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि ताजं तासलं की चामड्यासारखा वास येतो. मग फळीचं टोक पाहा. वलयांच्या रेषा उभ्या असतील तर फळी कमी वाकेल. धनुष्यासारख्या कमानी असतील तर ती पन्हाळीसारखी वळण्याची शक्यता जास्त. खोडाचा अगदी मधला बिंदू फळीत आला असेल तर ती फळी नको, ती फुटतेच.

कडेला फिकट पिवळट पट्टा दिसला तर तो खोडाचा बाहेरचा, मुळांकडचं पाणी वर नेणारा भाग. गाभ्यातल्या लाकडात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरच्या भागात ती फारशी नसतात आणि वर पिष्टही असतं. घुण्याचा भुंगा नेमका तेवढाच भाग खातो. टेबलाखाली मैद्यासारखी पूड आणि टाचणीएवढी छिद्रं दिसली तर टेबल तिथेच सोडून या.

ओलावा कळायला यंत्रच लागतं असं नाही. नवं टेबल बनवायला टाकलं तेव्हा आमच्या सुतारकाकांनी फळ्या हातात तोलल्या आणि म्हणाले, "भाऊ, पह्यले घरात राहू दे त्याले दोन मयने, मंग टेबल करू." आम्ही त्या फळ्या दर रविवारी धान्याच्या काट्यावर तोलल्या. आधी वजन भराभर उतरलं, मग हळूहळू, आणि नवव्या आठवड्यापासून काटा जागचा हलेना. फळीने घराच्या हवेशी जुळवून घेतलं, हे त्याचं चिन्ह. या वेळी पाट बसवताना काकांनी स्क्रूची छिद्रं गोल न ठेवता आडवी लांबट केली. आता पाट सरकतो, स्क्रू जागीच राहतो. खालच्या बाजूला मी पेन्सिलने दोन खुणा केल्या आहेत. सप्टेंबरात त्यांच्यातलं अंतर 899 मिलिमीटर होतं, मे महिन्यात 892. चीर नाही.

कूलरबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही, पण ते फार महत्त्वाचं आहे. टेबलाचं एक टोक कूलरच्या ओल्या झोतात आणि दुसरं खिडकीतून येणाऱ्या लूमध्ये असेल, तर एकाच फळीत पावसाळा आणि उन्हाळा एकत्र नांदतात. ती पिळवटणारच. टेबल झोतातून चार हात बाजूला घ्या.

लाकडाचं हलणं कोणतंही तेल पूर्ण थांबवू शकत नाही. ते फक्त सावकाश करता येतं, आणि तेवढं पुरतं. त्यासाठी लागणारी वस्तू आपल्या शेतातच पिकते, जवस. चटणीत जातं तेच. जवसाच्या तेलातल्या मुख्य मेदाम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन या बंधांवर येऊन बसतो, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तेल वाळून चिवट थर बनतो. शेंगदाण्याच्या तेलात असे बंध कमी, म्हणून ते वाळत नाही. चिकट राहतं, धूळ धरतं आणि खवट होतं. स्वयंपाकाचं तेल टेबलाला कृपा करून लावू नका.

सागवानाच्या स्वतःच्या तेलकटपणामुळे जवस वाळायला वेळ लागतो. म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पाट पुसून घ्या. मग तेलाचा अगदी पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात. कच्च्या तेलाला आठवडाही लागू शकतो. खालची बाजू मुळीच विसरू नका. वरून तेल आणि खालून कोरं असलं की दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि पाट वळतो.

एक धोका मात्र मनावर घ्या. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. फडकी पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

राहिला तर्रीचा डाग. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं आणि तेलाबरोबर नळ्यांत उतरतं. साबण लावलात तर क्षारामुळे ते लाल होईल आणि तुम्ही घाबराल. त्यापेक्षा रस्सा लगेच टिपून घ्या आणि उरलेला पिवळेपणा उजेडावर सोडा, कारण प्रकाशात कर्क्युमिनचे रेणू तुटतात. टेबल मे महिन्याच्या उन्हात मात्र काढू नका. आमच्या टेबलावरचा मोठा डाग मी पौष लागेपर्यंत तसाच ठेवला, मग रोज सकाळी तासभर कोवळ्या उन्हात ओसरीवर टेबल ओढत राहिलो. संक्रांतीला तिळगुळाचं ताट ठेवलं तेव्हा डाग कुठे होता ते शोधावं लागलं.