चेक लाईट लागलाय? कोड उडवून गाडी आणू नका

आठवड्यातून दोन-तीन फोन तरी ठरलेले. "चेक लाईट लागलाय, मित्राच्या स्कॅनरवर पी ०४२० आला, म्हणजे कॅट गेला ना, नवीन टाकायला किती घ्याल?" (कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा, आणि पी ०४२० म्हणजे तो नीट काम करत नाही असं सांगणारा कोड.) मग गाडी येते तेव्हा मीटरवर लाईट नसतोच, कारण निघण्याआधी मोबाईलवरनं कोड क्लिअर केलेला असतो. वर आम्हालाच सांगतात, लाईट घालवूनच आणली, तुमचं काम कमी. अहो, तिथेच वाढलं.

कोड पडतो त्या क्षणी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, एक नोंद करून ठेवतो, गाडी किती स्पीडला होती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, पेट्रोल जास्त जात होतं की कमी. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. क्लिअर दाबलं की कोडबरोबर तीही गेली, आणि शेजारी मिसफायरचा (सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा) कोड असेल तर तोही गेला. कॅटची टेस्ट ईसीएम परत लगेच घेत नाही, त्याला थंड स्टार्ट लागतो, मग गरम इंजिनवर एकसारख्या स्पीडला चालवावी लागते, आणि हे सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये होत नाही म्हणून आमचा माणूस तुमची गाडी घेऊन कात्रज बायपासला जातो, कधीकधी दोन दिवस. लाईट लागला असेल तर तसाच राहू द्या. फक्त लाईट लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, फोन करा, तेव्हा मिसफायर चालू असतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते.

मागे एक सीएनजीवरची २०१३ ची गाडी आली होती. तीन वेळा कोड उडवलेला, चौथ्यांदा आम्ही म्हटलं हात लावू नका, तशीच आणा. पी ०४२० च्या शेजारीच पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग, तोच मिसफायर. प्लग काढला तर गॅप इतका वाढलेला की नुसत्या डोळ्यांना दिसावा, आणि कॉईलच्या रबरावर आतून काळी रेघ, स्पार्क तिथूनच पळत होता. सीएनजीला स्पार्क जास्त दमदार लागतो त्यामुळे प्लग-कॉईलचं दुखणं आधी तिथेच दिसतं. प्लगचा सेट आणि एक कॉईल बदलली, कॅट तोच आहे, लाईट परत आलेला नाही. नवीन कॅट टाकून दिला असता तर तोही त्याच मिसिंगने गेला असता आणि शिव्या आम्हाला. ऑईल खाणाऱ्या इंजिनचंही तेच, ऑईलमधला फॉस्फरस जाळीवर बसतो.

म्हणून तपासणीचे वेगळे पैसे घेतो, काम आमच्याकडे केलंत तर बिलातून वजा. आधी एक्झॉस्टच्या गॅस्केट आणि फ्लेक्सिबल पाईपला लीक आहे का बघतो, कारण तिथून हवा आत शिरली तरी कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलतो. मग कॅटच्या पुढचा आणि मागचा, दोन्ही सेन्सर स्कॅनरवर लाईव्ह लावतो. पुढचा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सारखा वरखाली पळतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसायला हवा. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला तर मात्र कॅट खरंच दमलाय. पिकअप मेलाय, गाडी वर चढतच नाही अशी तक्रार असेल तर पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतो, जाळी चोंदली असेल तर काटा सांगतो. रबरी हातोडीने ठोकून खुळखुळ वाजला तर पुढचं काही बघायची गरजच नाही.

"आतली जाळी फोडून मोकळा करून द्या" हे काम आम्ही करत नाही, कितीही ओळख असली तरी. बीएस ४ पेट्रोल गाडीला पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साईड) ०.३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत लागतो, शिवाय मागचा सेन्सर लाईट लावणारच.

कॅट बदलायचा ठरलाच तर कंपनीचा आणि बाहेरचा, दोन्हीचे भाव लेखी देतो. बाहेरच्या स्वस्त मालात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम कमी असतं, त्यामुळे तो टिकतो कमी. गाडी अजून वर्षभरच ठेवायची असेल तर चालेल, तसं सांगा. जुना कॅट तुमच्या डिकीत ठेवून देतो, त्याला भंगारात चांगला भाव येतो आणि तो तुमचाच आहे, कुठेही काम केलंत तरी मागून घ्या.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा. गंजलेल्या नटांवर रात्रभर ऑईल मुरलं की सकाळी थंड इंजिनवर ते सुटतात, नाहीतर स्टड तुटतो आणि अर्धा दिवस त्यातच जातो. सीएनजीवाल्यांनी टाकीत निदान पाच लिटर पेट्रोल ठेवा, टेस्ट पेट्रोलवरच घेतो.