लॉस्ट: ते लोक बेटावर आलेच कसे? या थिअऱ्यांमागची पार्श्वभूमी

लॉस्ट म्हणजे विमान पडून बेटावर अडकलेल्या लोकांची अमेरिकन टीव्ही सिरीज, आणि ते तिथे आले कसे यावर चाहत्यांनी बऱ्याच थिअऱ्या मांडल्या. आधीच सांगते, शेवटपर्यंतचे सगळे स्पॉयलर आहेत. ज्यांनी लॉस्ट बघितली नाहीये त्यांनी आधी बघा मग वाचा, कारण ही मजा एकदाच मिळते.

बेटावर अडकलेल्या माणसांच्या गोष्टी खूप जुन्या आहेत, पण 'हे इथे आलेच कसे' हा प्रश्न त्यात फारसा नसायचाच, कारण उत्तर सुरुवातीलाच मिळायचं. १७१९ च्या रॉबिन्सन क्रूसोमध्ये वादळ येतं, जहाज फुटतं, विषय संपला, पुढे सगळी जगण्याची धडपड. शेक्सपिअरचं टेम्पेस्ट त्याहून जुनं, १६११ च्या सुमाराचं, आणि तिथे मात्र वादळ आपोआप येत नाही तर बेटावर बसलेला जादूगार प्रॉस्परो ते मुद्दाम उठवतो आणि त्याला हवी ती माणसं बरोब्बर किनाऱ्यावर आणतो. मग १८७४ मध्ये ज्यूल्स व्हर्नची मिस्टीरियस आयलंड यायला लागली, त्यात बलूनमधून पळालेले पाच जण आणि एक कुत्रा बेटावर येऊन पडतात ते वादळामुळेच, पण नंतर कोणीतरी लपून त्यांना मदत करतंय असं जाणवत राहतं आणि तो निघतो कॅप्टन निमो. म्हणजे कोणीतरी आणलं आणि कोणीतरी लपून बघतंय, या दोन्ही कल्पना टीव्हीच्या कितीतरी आधीच्या.

तिसरी कल्पना म्हणजे हे सगळे मेलेलेच आहेत. १९६४ ते ६७ मध्ये अमेरिकेत गिलिगन्स आयलंड नावाची एकदम हलकीफुलकी सिरीज होती, सात जण बेटावर अडकलेले, आणि चाहत्यांनी त्या सातांना ख्रिश्चन धर्मातल्या सात महापापांशी जोडून ते बेट थेट नरक ठरवून टाकलं. कॉमेडीवरसुद्धा अशी थिअरी बसते तर लॉस्टचं काय होणार होतं ते दिसतंच.

लॉस्टचा पहिला एपिसोड अमेरिकेच्या एबीसी चॅनेलवर आला २२ सप्टेंबर २००४ ला, आणि कथेतलं ओशॅनिक ८१५ विमानसुद्धा त्याच तारखेला पडतं. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं. जखमी पायलट सांगतो की सहा तासांनी रेडिओ गेला म्हणून फिजीकडे वळलो, आणि हादरे बसले तेव्हा आपण ठरलेल्या मार्गापासून हजार मैल लांब होतो, त्यामुळे शोधणारे चुकीच्या जागी शोधतायत. माझ्या मते सगळ्या थिअऱ्या या एका संवादातून निघाल्या. साधा अपघात दाखवायचा असता तर विमान आधीच भलतीकडे गेलेलं दाखवायची गरज काय होती?

मग चौथ्या एपिसोडच्या शेवटी कळतं की वाचलेल्यांपैकी लॉक चार वर्षं व्हीलचेअरवर होता आणि विमान पडल्यावर तो उठून चालायला लागला. वाचलेल्यांमधल्याच डॉक्टर जॅक शेफर्डला मेलेले वडील जंगलात दिसतात, रोझ नावाच्या प्रवाशाचा कॅन्सर जातो. इथून परगेटरीची थिअरी जोरात सुरू झाली, परगेटरी म्हणजे मेल्यावर पापं फेडायची मधली जागा. लेखकांनी पहिल्यापासून नाही म्हणून सांगितलं तरी ती हटली नाही, आणि खरं सांगायचं तर सिरीजनेच तिला खायला घातलं. तिसऱ्या सीझनमध्ये बाहेरच्या जगातून नाओमी येऊन सांगते की विमान समुद्रतळाशी सापडलंय आणि सगळे मेलेत, लॉकचा बाप म्हणतो हा नरक आहे. ते समुद्रतळाचं विमान बनावट होतं हे नंतर कळलं.

पण 'कसे' याचं उत्तर तर दुसऱ्या सीझनच्या शेवटीच, मे २००६ मध्ये, देऊन टाकलं होतं आणि तो सीन मला आजही पाठ आहे. हॅचमध्ये, म्हणजे बेटावरच्या जमिनीखालच्या बंकरमध्ये, दर १०८ मिनिटांनी ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे टाकून बटण दाबायचं असतं, नाहीतर साठलेली चुंबकीय शक्ती सुटते. लॉकने बेटावरच्या दुसऱ्या स्टेशनमधून आणलेला, त्या बटणाच्या नोंदींच्या प्रिंटआउटचा लांब कागद डेस्मंड बघतो, जो यांच्या आधी हॅचमध्ये बटण दाबायचा, ओळीमागून ओळी, आणि मध्येच सिस्टम फेल्युअर. तारीख २२ सप्टेंबर २००४, वेळ ४:१६. त्या दिवशी त्याची हॅचमधल्या जोडीदाराशी, केल्विनशी, मारामारी झालेली, केल्विन मेला, हा धावत परत आला तोपर्यंत उशीर झालेला. आणि मग त्याच्या लक्षात येतं की यांचं विमान बहुतेक आपणच पाडलं. भूत नाही, देव नाही, एका थकलेल्या माणसाला पोचायला झालेला उशीर. विमान बेटाच्या चुंबकीय शक्तीनेच पडलं म्हणणारे थिअरीवाले बरोबर होते!

'का' याला अजून तीन-चार वर्षं लागली. पाचव्या सीझनच्या शेवटी बेटाचा रक्षक जेकब या सगळ्यांना खूप आधीच भेटून हात लावून गेलेला दिसतो, वाचलेल्यांपैकीच असलेल्या सॉयरला, तो लहान असताना, आईवडिलांच्या अंत्यविधीला पेन देतो वगैरे. सहाव्यात गुहेच्या छतावर नावं दिसतात आणि न खोडलेल्या नावांपुढे तेच सहा आकडे, २३ म्हणजे शेफर्ड. म्हणजे टेम्पेस्टसारखंच, निवडून आणलेली माणसं.

तरी मेलेलेच होते हा गैरसमज राहिला, कारण २३ मे २०१० च्या शेवटच्या एपिसोडमध्ये श्रेयनामावलीखाली किनाऱ्यावरचे रिकामे अवशेष दाखवले. ते चॅनेलने फक्त प्रेक्षकांना सावरायला वेळ मिळावा म्हणून टाकलेले, पण लोकांनी अर्थ काढला की कोणीच वाचलं नव्हतं. जॅकचे वडील शेवटच्या चर्चच्या सीनमध्ये स्पष्ट सांगतात की बेटावर झालं ते सगळं खरं होतं, मेल्यानंतरची जागा फक्त सहाव्या सीझनमध्ये समांतर दाखवलेलं, विमान न पडलेलं दुसरं आयुष्य. तो सीन परत बघा, प्लीज.

माझ्यासाठी उघडा राहिलेला प्रश्न वेगळाच आहे. जेकबने माणसं निवडली आणि डेस्मंडचं बटण चुकलं, या दोन गोष्टी सिरीज एकमेकींना थेट कुठेच जोडत नाही. जेकबला उशीर होणार हे माहीत होतं, की त्याने फक्त माणसं त्या विमानापर्यंत आणली आणि बाकी होऊ दिलं? मी दुसऱ्या बाजूची, कारण निवड माणसांनी स्वतः करायची यावर तो शेवटपर्यंत अडून असतो.