टेस्ट नदी आणि आपल्या पहिल्या नोटांचा कागद

दक्षिण इंग्लंडमधली टेस्ट नदी जेमतेम ६४ किलोमीटरची. हॅम्पशायरमधल्या ॲश या खेड्याजवळ उगम पावते, ओव्हरटन, लॅव्हरस्टोक, व्हिटचर्च, स्टॉकब्रिज, रॉम्सी करत साउदम्प्टनच्या खाडीला मिळते. डोळे दिपावेत असं वाटेत काही नाही. तिची खरी करामत जमिनीखाली आहे.

इथला खडक चॉकचा, म्हणजे मऊ, सच्छिद्र, पांढऱ्या चुनखडीचा. हिवाळ्यातला पाऊस त्यात मुरतो आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर पडतो. म्हणून नदीला एकाएकी लोंढे येत नाहीत, पाणी क्वचितच गढूळ होतं आणि झऱ्याचं तापमान बारा महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास राहतं. तळातले गारगोटीचे खडे आणि प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबलेला ट्राउट मासा काठावरून स्पष्ट दिसतो.

अशा नितळ पाण्याची किंमत कागदवाल्यांनी बरोबर ओळखली. धर्मछळाला कंटाळून फ्रान्समधून आलेल्या हेन्री पोर्टलने आधी व्हिटचर्चजवळ, मग लॅव्हरस्टोकला गिरणी चालवली. १७२४ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद तो पुरवू लागला. पुढे १८६१ च्या कायद्यानंतर हिंदुस्थान सरकारने काढलेल्या, राणी व्हिक्टोरियाचं चित्र असलेल्या पहिल्या नोटांचा हातकागदही लॅव्हरस्टोकचाच. नोटांची छपाई नाशिकला सुरू व्हायला १९२८ साल उजाडलं. गंमत म्हणजे, त्या जुन्या गिरणीत २०१४ पासून ‘बॉम्बे सफायर’ नावाची जिन ही दारू तयार होते. मुंबईचा संबंध नावापुरताच.

या नदीला निसर्गाची देणगी म्हणतात, ते अर्धंच खरं. गिरण्यांसाठी आणि कुरणांसाठी तिचे जागोजागी फाटे काढले आहेत. सतराव्या शतकापासून हिवाळ्यात कुरणांवर पाण्याचा पातळ थर खेळता ठेवत. झऱ्याच्या उबेने जमीन गोठत नसे आणि मेंढ्यांना गवत लवकर मिळे. पुढे मासेमारीचा षोक आला. स्टॉकब्रिजचा हॉटन फिशिंग क्लब १८२२ चा. आजही बराचसा काठ खासगी आहे, गळ टाकायचा तर खिसा जड हवा.

साउदम्प्टन परिसरातल्या नळांनाही याच नदीचं पाणी जातं. कोरड्या वर्षी ते किती उपसायचं यावरून बरेच वाद झाले आणि २०१९ मध्ये पाणी कंपनीच्या परवान्यावर कडक मर्यादा आल्या.