अनघड दगडांच्या कबरी (अमेरिका)

शेतातला दगड न घडवता, नाव न कोरता कबरीच्या उशाशी उभा करण्याची अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखातली जुनी रीत. टेनेसी, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत १८व्या-१९व्या शतकांत शेतकरी कुटुंबे आपल्याच जमिनीतल्या एखाद्या उंचवट्यावर माणसे पुरत. पाथरवट दूर आणि कोरलेला दगड महाग, म्हणून नांगराला लागलेला धोंडाच कामी येई. गुलामांच्या कितीतरी कबरींना तर तेवढीच खूण मिळाली.

एकट्या धोंड्यावरून कबर ठरत नाही. बांधावर फेकलेला दगडही तसाच दिसतो. जोडी शोधावी लागते. पश्चिमेला उशाचा मोठा दगड, पूर्वेला पायाशी लहान. पुनरुत्थानाच्या दिवशी मृत पूर्वेकडे तोंड करून उठतील, ही ख्रिस्ती श्रद्धा त्यामागे आहे. जोडीतले अंतर दोन-तीन फुटांचेच असेल तर कबर बहुधा लहान मुलाची. अशा जोड्यांची ओळ लागली की शंका फारशी उरत नाही.

दगड हरवले असले तरी जमीन बोलते. शवपेटी कुजली की वरची माती खचून लांबट खळगा पडतो. पानगळीनंतर, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो उठून दिसतो. रानात मधेच व्हिंकाची (आपल्या सदाफुलीच्या कुळातली वेल), युकाची किंवा डॅफोडिलची दाटी दिसली, तर ती कुणीतरी मुद्दाम लावलेली असण्याचा संभव मोठा.

भूवेधी रडारबद्दल (जमिनीत लहरी सोडून खालचे फरक टिपणारे यंत्र) गैरसमज फार. त्यात सांगाडा दिसत नाही. खणून पुन्हा भरलेल्या मातीचा फरक तेवढा उमटतो, आणि झाडांची मुळे, प्राण्यांची बिळेही तसाच घोटाळा करतात. आपल्याकडच्या पाणाड्यांसारखे वाकवलेल्या तारा घेऊन कबरी शोधणारेही तिथे आहेत. त्याला शास्त्रीय आधार नाही.

कबर सापडणे एक आणि ती कोणाची हे कळणे दुसरे. त्यासाठी कौटुंबिक बायबलमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीची खरेदीखते, १८५० ते १८८० च्या जनगणनांतील मृत्यूयाद्या चाळतात. राज्यपातळीवरची मृत्यूनोंद बऱ्याच ठिकाणी विसाव्या शतकातच सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनात १९१३ साली. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर हातचे गेले. १८५० व १८६० च्या गुलामयाद्यांत मालकाचे नाव असते. त्याच्या गुलामांचे सहसा फक्त वय, लिंग आणि वर्ण.